मानेच्या मणक्यांची दुखापत : एक्स-रेवरून निदान

मानेतील सात मणके, त्यांचे सांधे आणि अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे चिवट पट्टे) यांना झालेली इजा क्ष-किरण चित्रांवरून ओळखण्याची पद्धत. रस्त्यावरील अपघात, उंचावरून पडणे किंवा उथळ पाण्यात सूर मारणे यानंतर ही तपासणी करतात. सहसा बाजूने, समोरून आणि तोंड उघडून अशी तीन चित्रे घेतात.

सर्वाधिक माहिती बाजूच्या चित्रातून मिळते. मात्र ते चित्र पूर्ण आहे का, हे आधी तपासावे लागते. सातवा मणका आणि छातीचा पहिला मणका यांमधील सांधा दिसलाच पाहिजे. धिप्पाड माणसाचे खांदे नेमके तिथेच आड येतात. मग एक हात डोक्यावर घेऊन पुन्हा चित्र काढतात. तो सांधा न पाहता ‘नॉर्मल’ असा शेरा मारणे धोक्याचे आहे, कारण मानेच्या तळाशी होणाऱ्या दुखापती एरवीही सहज नजरेतून सुटतात.

त्यानंतर मणक्यांच्या पुढच्या व मागच्या कडा, मज्जारज्जूच्या पोकळीची मागची कड आणि मागील कंटकांची (मणक्यांतून मागे निघालेल्या हाडांच्या टोकदार भागांची) टोके जोडणाऱ्या चार रेषा मनातल्या मनात आखतात. त्या सलग, किंचित बाकदार असाव्यात. वरचा मणका खालच्यावर साधारण पाव भाग पुढे सरकला असेल, तर एका बाजूचा सांधा निखळल्याचा संशय येतो. निम्मा किंवा त्याहून जास्त सरकला असेल, तर बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे निखळलेले असतात. एकच सांधा निखळला की मणका पिळवटतो, आणि समोरच्या चित्रात तिथून वरचे कंटक मध्यरेषेपासून बाजूला गेलेले दिसतात.

मोठ्या माणसात तिसऱ्या मणक्यापुढील मऊ ऊती ७ मिमीपेक्षा जाड असतील, तर तिथे रक्त साकळले असावे. हाडातली चीर दिसत नसली, तरी ही सूज दुर्लक्षू नये. लहान मूल रडत असताना मात्र ती जाडी खोटी वाढते.

पहिल्या मणक्याचे कडे (वलय) फुटल्यास त्याच्या बाजू दुसऱ्या मणक्याबाहेर डोकावतात. ते तोंड उघडून घेतलेल्या चित्रात कळते. जेफ्री जेफरसन यांनी १९२० मध्ये वर्णन केलेला अस्थिभंग तो हाच. दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या उंचवट्याचा भंगही याच चित्रात शोधतात; तो बुडाशी मोडला तर नीट जुळून येणे अवघड असते.

साध्या एक्स-रेत बरेच भंग निसटतात, म्हणून गंभीर अपघातात आता थेट सीटी स्कॅन करतात. अस्थिबंध आणि मज्जारज्जूची इजा एमआरआयमध्ये दिसते. चित्र स्वच्छ असूनही हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर पुढील तपासणी होईपर्यंत मान स्थिरच ठेवतात.