शाळेतलं ताट आणि शाळेतलं मैदान

शाळेने मुलांच्या शरीराकडेही लक्ष द्यावं, हा विचार महाराष्ट्रात आखाड्यातून आला. सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत. १९२०च्या दशकात त्यांनी ते संस्थानातल्या शाळांनाही लावले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याआधीचं, १९१४चं. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं. या सगळ्या धडपडीत आरोग्याइतकंच स्वराज्यही होतं. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, योगसंशोधक स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी कांदिवलीला व्यायामशिक्षक घडवणारी सरकारी संस्था सुरू झाली. पीटीच्या तासाला सरकारी बैठक मिळाली ती या काळात. (तो तास पुढे गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला मागून घेतला, हे वेगळं सांगायला नको.)

जेवण मात्र वेगळ्याच वाटेने आलं. ती वाट मद्रासची. तिथल्या महापालिकेने १९२०च्या दशकातच शाळेत दुपारचं जेवण देऊन पाहिलं होतं. पन्नाशीच्या दशकात मुख्यमंत्री कामराजांनी ते राज्यभर नेलं, १९८२ साली तिथलेच नंतरचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी वाढवलं. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात वाटलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, एका अख्ख्या पिढीला आठवते, पण ती तात्पुरती तजवीज होती.

१५ ऑगस्ट १९९५ला शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना आली. शिजवलेलं अन्न दोन वर्षांत सुरू करायचं होतं, तोवर कोरडं धान्य: ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो. बहुतेक राज्यं या 'तोवर'मध्येच अडकली. महिन्यातून एकदा हजेरीपट बघून नावं पुकारली जायची, पोरं घरून आणलेल्या पिशव्या पुढे करायची, की झालं. तो तांदूळ घरच्या डब्यात पडला की सगळ्या घराचा व्हायचा. ज्याच्या नावावर आला त्याच्या वाट्याला मूठभरच. पटावर मुलं वाढली, पोटात काय गेलं ते कोणी मोजलं नाही.

हे बदललं ते कोर्टामुळे. सरकारी गोदामांत धान्याचे डोंगर आणि राजस्थानात उपासमार, या विसंगतीवर बोट ठेवत पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेने एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ नोव्हेंबर २००१च्या आदेशाने शिजवलेलं जेवण सक्तीचं झालं: किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. मग आपल्या शाळांच्या आवारात चुली पेटल्या, बचत गटाच्या बायका आणि स्वयंपाकी-मदतनीस आल्या, आणि 'शालेय पोषण आहार' या भारदस्त नावाचं लोकांनी 'खिचडी' करून टाकलं. पुढे प्राथमिकचं प्रमाण ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं झालं. सहावी ते आठवीसाठी ७०० आणि २०. २०२१ पासून योजनेचं नाव पीएम पोषण.

इथवर सगळा हिशेब भुकेचा होता. काय खाऊ नये, हा प्रश्न आला तो डब्यात आणि कँटीनमध्ये वेफर्स शिरल्यावर. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून पिझ्झा, बर्गर, नूडल्स, शीतपेयं हद्दपार केली. त्याच यादीत पाणीपुरी आणि गुलाबजामही होते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी जादा चरबी, साखर, मिठाच्या पदार्थांची विक्री शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत रोखली. कागदावर. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याला हे अंतर कोण मोजून दाखवणार?

मैदानाची गोष्ट तेवढी हलली नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलं, २०१९ला केंद्राची 'फिट इंडिया' मोहीम आली. पण ताट आणि मैदान यांचा मेळ घालणारी एकच योजना काही झाली नाही. एकाचं मोजमाप कॅलरीत, दुसऱ्याचं तासिकांत.

२०२३च्या अखेरीस राज्याने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. शाकाहारी गटांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला. शाळांना हवं तर लोकसहभागातून द्या, असं सांगण्यात आलं. त्याच वर्षी मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कुठल्या शीतपेयात किती साखर ते मुलांना कळावं म्हणून.