परत अर्ज करण्याची परवानगी : हद्दपार जोडीदाराच्या वापसीमागचा अमेरिकी कायदा

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात आय-२१२ नावाचा एक अर्ज आहे. त्याचं लांबलचक नाव मराठीत आणलं तर साधारण असं होतं: हद्दपारीनंतर प्रवेशासाठी पुन्हा अर्ज करायची परवानगी मिळण्याबाबतचा अर्ज. अर्ज करू द्या म्हणून अर्ज. हसू येईल असं नाव आहे, पण नवऱ्याला किंवा बायकोला हद्दपार केल्यावर मागे राहिलेल्या माणसाचं गाडं याच शब्दांपाशी अडतं. 'लग्न अमेरिकी नागरिकाशी झालंय, मग परत यायला काय हरकत?' असं घरातलं प्रत्येक जण विचारतं. हरकत अशी, की नागरिक जोडीदाराला या कायद्याने मागण्याची सोय दिली, हक्क मात्र दिला नाही. आणि ती सोय शंभर वर्षांत कधी सैल झाली, कधी आवळली गेली.

त्या नावातले शब्द १९१७च्या कायद्यातून आले आहेत. (त्याच कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या लोकांना दार बंद केलं होतं.) हद्दपार झालेला माणूस वर्षाच्या आत परत येत असेल, तर जहाजावर चढण्यापूर्वी त्याला पुन्हा अर्ज करायला मजूरमंत्र्यांची संमती लागे. वर्ष उलटलं की संमतीची गरज नव्हती. ४ मार्च १९२९च्या कायद्याने हे चित्र पालटलं. एकदा हद्दपार झालेल्याला कायमची बंदी, आणि तरीही शिरला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार डॉलरपर्यंत दंड. हे फारच टोकाचं झालं हे लवकरच लक्षात आलं असावं, कारण १९३२मध्ये, वर्षभर थांबल्यावर परवानगी मागण्याची वाट पुन्हा उघडण्यात आली. परवानगी देणारा अधिकारी पुढे बदलत गेला. मजूरमंत्री, मग ॲटर्नी जनरल, आणि २००३पासून होमलँड सिक्युरिटी खातं. मागण्याची रीत मात्र तीच राहिली.

लग्नाचं वजन किती, याचा निकाल न्यायालयांनी त्याच काळात लावायला सुरुवात केली होती. १९२५च्या 'चांग चॅन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की चिनी वंशाच्या अमेरिकी नागरिकांच्या चिनी बायकांना १९२४च्या कायद्याखाली प्रवेश नाही. नवरा नागरिक, बायको बोटीवर, आणि कायदा मध्ये. १९५०चं एलेन नॉफ प्रकरण तर आजही दाखल्यादाखल पुढे येतं. अमेरिकी सैन्यात राहिलेल्या नागरिकाशी जर्मनीत लग्न करून ती १९४८मध्ये न्यूयॉर्कला उतरली आणि गुप्त माहितीच्या आधारे, सुनावणीशिवाय, एलिस बेटावर अडकली. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. बाहेरच्या परदेशी माणसाला काँग्रेस (अमेरिकेची संसद) जी प्रक्रिया ठरवून देईल, तीच त्याच्यापुरती न्याय्य प्रक्रिया, असं ते तत्त्व. एलेन नॉफ शेवटी १९५१मध्ये आत आली, पण ती वर्तमानपत्रांनी आणि काँग्रेसच्या सदस्यांनी लावून धरल्यावर, आणि सुनावणी मिळाल्यावर. न्यायालयाने घालून दिलेलं तत्त्व जागचं हललं नाही.

१९५२च्या मूळ इमिग्रेशन कायद्यात हद्दपार व्यक्तीला परत यायला परवानगी लागेच, पण ती कधीही मागता येई. १९५७मध्ये कुटुंबाच्या नात्यावरून व्हिसासाठी केलेल्या खोटेपणाच्या, किंवा कुटुंबाच्या हालअपेष्टा दाखवून काही गुन्ह्यांच्या बंदीतून माफी मिळवायची सोय झाली. आजच्या 'वेव्हर'ची मुळं तिथे आहेत. १९८१मध्ये परवानगीची गरज हद्दपारीनंतरच्या पाच वर्षांपुरती उरली. म्हणजे तोवर कायदा थोडा मऊ होत चालला होता. उलटा ओघ सुरू झाला तो १९८६पासून, खोट्या लग्नांच्या संशयाने. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीनकार्ड दोन वर्षांच्या अटीवर. हद्दपारीची केस चालू असताना लग्न केलं, तर परदेशी जोडीदाराने दोन वर्षं देशाबाहेर काढावीत. १९९०पासून मात्र लग्न खरं असल्याचा भक्कम पुरावा दिला तर त्यातून सूट. लग्न नुसतं ग्रीनकार्डासाठी केलं असं एकदा ठरलं, की त्या व्यक्तीसाठी पुढे कुणाचंही पिटिशन (तिला आणण्यासाठी दुसऱ्याने करायचा अर्ज) मंजूर होत नाही. पुढचं लग्न कितीही खरं असो. या बंदीला माफी नाही.

पण आजच्या कुटुंबांचं आयुष्य ज्या कायद्याने ठरतं तो ३० सप्टेंबर १९९६चा, १ एप्रिल १९९७पासून अमलात आलेला. इथे थोडं थांबायला हवं, कारण 'दहा वर्षांची बंदी' असं सगळे सरसकट म्हणतात आणि त्यातच घोटाळा होतो. दहा वर्षांच्या बंद्या दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. पहिली हद्दपारीच्या आदेशामुळे लागते: सीमेवर किंवा विमानतळावर प्रवेश मागतानाच परत पाठवलं असेल तर पाच वर्षं, आत राहत असताना हद्दपार झाल्यास दहा, दुसऱ्यांदा हद्दपारी झाली तर वीस, आणि कायद्याने 'ॲग्रॅव्हेटेड फेलनी' ठरवलेल्या गुन्ह्यानंतर कायमची. दुसरी बंदी बेकायदा वास्तव्याची: १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी राहून आपण होऊन बाहेर पडलात तर तीन वर्षं, वर्ष किंवा जास्त राहून गेलात तर दहा. अठराव्या वर्षापर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत. पहिल्या बंदीवर उतारा आय-२१२, दुसऱ्या बंदीवर आय-६०१, म्हणजे माफीचा (वेव्हरचा) अर्ज. दोन्ही लागल्या असतील तर दोन्ही अर्ज लागतात. एक मंजूर झाला म्हणून दुसरी बंदी उठत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात जाचक. एकूण वर्षाहून जास्त बेकायदा राहून किंवा हद्दपार होऊन जो माणूस पुन्हा चोरवाटेने शिरतो किंवा शिरायचा प्रयत्न करतो, त्याला कायमची बंदी लागते. ती उठवायचा अर्जसुद्धा देशाबाहेर सलग दहा वर्षं काढल्यावरच करता येतो. २००६मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने 'टोरेस-गार्सिया' निर्णयात हे पक्कं केलं. शिवाय जुना हद्दपारीचा आदेश नव्या सुनावणीशिवाय पुन्हा जिवंत होतो आणि फौजदारी खटला उभा राहू शकतो तो वेगळाच. बायको आणि लेकरं तिकडे असल्याच्या ओढीने मेक्सिकोमार्गे परत गेलेला नवरा पाच किंवा दहा वर्षांची गोष्ट जन्मभराची करून बसतो.

पिटिशनची वाट कशी जाते ते आता पाहू. आधी नागरिक जोडीदार आय-१३० भरतो. एप्रिल २०२४च्या दरांप्रमाणे कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५. याने फक्त नातं सिद्ध होतं. ग्रीनकार्डधारकालाही हे पिटिशन करता येतं, पण त्याच्या जोडीदाराला कोट्याच्या रांगेत थांबावं लागतं. नागरिकाच्या जोडीदाराला रांग नाही. मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे व्हिसा फी ३२५ आणि आर्थिक हमीच्या कागदांची छाननी १२० डॉलर. मग वकिलातीत मुलाखत. भारतातल्या बहुतेक इमिग्रंट व्हिसांसाठी ती मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलात होते. तिथे अधिकारी नकार देतो. हा नकार ठरलेलाच असतो, घाबरायचं नसतं. कोणत्या कलमांखाली बंदी आहे हे त्याच्या कागदावर लिहून मिळतं, आणि त्यानंतर आय-६०१ (१,०५० डॉलर) व आय-२१२ (१,१७५ डॉलर) एकत्र दाखल होतात. वेव्हर मंजूर झाल्यावर फाइल वकिलातीत परत येते. वैद्यकीय तपासणीची मुदत तोवर बहुधा संपलेली असते, ती पुन्हा करावी लागते. फीचे दर बदलतात; भरण्याआधी त्या दिवसाचा दर पाहावा, कमी रक्कम गेली की अख्खं पाकीट परत येतं.

या सगळ्याच्या आधी एक काम असतं, आणि ते घाईत राहून जातं: जुनी फाइल मागवणं. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या परदेशी व्यक्तीला दिलेला क्रमांक) देऊन इमिग्रेशन कोर्ट, सीमा खातं आणि नागरिकत्व सेवा यांच्याकडे माहितीच्या कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करावे लागतात. आदेश नेमका कोणत्या कलमाखाली निघाला, सुनावणीला गैरहजर राहिल्यामुळे निघाला का, सीमेवर अधिकाऱ्यासमोर काय जबाब दिला, हे सगळं त्यात असतं. हद्दपारीच्या वेळी हातात दिलेल्या आय-२९४ कागदावर किती वर्षांची बंदी हे चौकटीत खूण करून दिलेलं असतं. तो कागद जपून ठेवावा. सबळ कारणाशिवाय सुनावणीला गैरहजर राहिल्यास बाहेर पडल्यापासून पाच वर्षांची वेगळी बंदी लागते आणि तिला वेव्हर नाही. ती पाच वर्षं मोजूनच काढायची. नोकरीच्या आय-९ फॉर्मवर 'मी अमेरिकी नागरिक' या चौकटीत कधी खूण केली असेल, तर त्यावरही माफी नाही. एका बरोबरच्या खुणेने संसार तुटल्याची उदाहरणं इमिग्रेशन वकिलांना नवी नाहीत.

आपल्याकडच्या कागदांची अडचण निराळी. लग्नानंतर मराठी बायकांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, अमेरिकेतल्या आदेशावर तिसरंच काही. राजपत्रातली नोंद किंवा शपथपत्र आधीच जोडावं. जुना जन्मदाखला नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचं 'नोंद उपलब्ध नाही' असं प्रमाणपत्र आणि त्याला जोड म्हणून शाळा सोडल्याचा दाखला. लग्नाचे फोटो आणि पत्रिका पुराव्यात छान दिसतात, पण नोंदणीचं प्रमाणपत्र लागतंच. मधल्या काळात 'निदान टुरिस्ट व्हिसावर भेटून येऊ' म्हणून अर्ज करणारे त्यात हद्दपारीच्या प्रश्नाला 'नाही' लिहितात. त्या एका 'नाही'ने खोटेपणाची आणखी एक, कायमची बंदी ओढवते. तिच्यासाठी पुन्हा आय-६०१.

वेव्हरचा गाभा म्हणजे 'एक्स्ट्रीम हार्डशिप', टोकाची अडचण. ती कुणाची, इथेच बहुतेकांची समजूत चुकते. हद्दपार झालेल्याची तर नाहीच, आणि वास्तव्याच्या किंवा खोटेपणाच्या बंदीत मुलांचीही थेट नाही. फक्त नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराची किंवा आईवडिलांची. मुलाचा आजार मांडायचा तो 'एकट्या आईवर पडलेला भार' म्हणून. जोडीदार अमेरिकेत एकटा राहिला तर काय, आणि भारतात येऊन राहिला तर काय, अशा दोन बाजू तपासतात. डिसेंबर २०१६पासूनच्या धोरणाप्रमाणे जोडीदार नेमकं काय करणार हे स्पष्ट असेल तर एक बाजूही पुरते. विरहाचं दुःख, पैशांची ओढाताण, मुलांची आठवण हे सगळ्यांनाच असतं, म्हणून एकटं कमी पडतं. डॉक्टरांच्या नोंदी, घरकर्जाचे हप्ते, वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा, एखाद्या व्यवसायाचा भारतात न चालणारा परवाना, असे तारखेनिशी कागद लागतात. आय-२१२ मध्ये तराजू वेगळा असतो. १९७३च्या 'टिन' निर्णयापासून हद्दपारीचं कारण, ती किती जुनी, नंतरची वागणूक, कुटुंबाची जबाबदारी हे सगळं एकत्र जोखतात. हद्दपारीच्या आदेशानंतर झालेल्या लग्नाला कमी वजन देतात.

नागरिक बायको सोबत पुण्याला येऊन राहिली तर? माणूस म्हणून हे समजण्यासारखं, पण फाइलीत दोन भोकं पडतात. आर्थिक हमीच्या आय-८६४ फॉर्मवर सही करणारा अमेरिकेत राहणारा असावा लागतो, किंवा तिथे परत वस्ती करण्याची ठोस तयारी दाखवावी लागते. उत्पन्नही दारिद्र्यरेषेच्या सव्वापट हवं. शिवाय चार वर्षं पुण्यात सुखाने संसार केलेला दिसला, तर 'भारतात राहणं तिला असह्य' हा मुद्दा उभा राहत नाही.

आदेश निघाला आहे पण माणूस अजून अमेरिकेतच आहे, अशांसाठी २९ ऑगस्ट २०१६पासून एक वाट आहे: बाहेर पडण्याआधी सशर्त आय-२१२ मंजूर करून घ्यायचा, मग त्यावर आय-६०१ए (देश सोडण्याआधीच मागायच्या वेव्हरचा अर्ज), आणि मगच मुलाखतीला निघायचं. वियोग त्यामुळे काही आठवड्यांवर येऊ शकतो. मात्र आय-६०१ए फक्त बेकायदा वास्तव्यापुरता चालतो. मुलाखतीत दुसरं कलम निघालं की ती मंजुरी आपोआप रद्द, आणि माणूस मुंबईत अडकला. २०२४मध्ये बायडन प्रशासनाने नागरिकांच्या जोडीदारांना देशातच कागद देण्याची योजना ऑगस्टमध्ये सुरू केली, ती नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायालयाने रद्द केली. व्हिसावर रीतसर येऊन मुदतीपलीकडे राहिलेल्यांना तिचा तसाही उपयोग नव्हता.

नॉफ प्रकरणातलं तत्त्व २१ जून २०२४ला पुन्हा छापून निघालं. अल साल्वाडोरच्या नवऱ्याला वकिलातीने व्हिसा नाकारला म्हणून लॉस एंजेलिसच्या एका वकील बाईंनी दाखल केलेल्या 'मुन्योझ' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं, की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. त्यामुळे वकिलातीचा नकार न्यायालयात उलथवणं जवळपास अशक्य. दाद मागायची ती वेव्हरच्या फाइलीतच.

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. अशा विमानातून उतरलेल्या कुणाची बंदी पाच वर्षांची आणि कुणाची दहा, हे विमानावरून ठरत नाही. ते आदेशाच्या कलमावरून ठरतं, आणि वर्षं मोजायची ती देश सोडल्याच्या तारखेपासून.