बोली, ट्रक आणि सीमा: अमेरिकेतल्या घोडेबचावाची पार्श्वभूमी

पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर भागात न्यू हॉलंड हे छोटं गाव आहे. तिथला सोमवारचा घोडेबाजार कित्येक दशकांपासून प्रसिद्ध आहे. आजूबाजूला मोटारी-ट्रॅक्टर टाळून घोड्यांवर काम चालवणाऱ्या आमिश पंथाच्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. त्यामुळे बग्गी ओढून गुडघे गेलेले, नांगराला जुंपून थकलेले आणि शर्यतीतून बाद झालेले घोडे एकाच रिंगणातून फिरवले जातात. बोली लावणाऱ्यांत शेतकरी असतात, हौशी स्वार असतात आणि कत्तलखान्यांसाठी माल उचलणारे व्यापारीही असतात. या व्यापाऱ्यांना तिथे सरळ ‘किल बायर’ म्हणतात. त्यांना घोड्याची चाल किंवा स्वभाव बघायचा नसतो. पौंडाला काय भाव आणि अंगावर किती पौंड, एवढाच त्यांचा हिशेब.

फेब्रुवारी १९५६ मध्ये हॅरी डीलेयर हा डच स्थलांतरित घोडेस्वारी-शिक्षक या बाजारात उशिरा पोचला. चांगले घोडे विकले गेले होते, उरलेले ट्रकमध्ये भरले जात होते. त्या ट्रकमधला एक पांढुरका, नांगराचे वळ उठलेला घोडा त्याने ८० डॉलरला उतरवून घेतला. पुढे शेजाऱ्याला विकला, तर हा गडी कुंपणांवरून उड्या मारत परत घरी! १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेचा विजेता ठरला. त्याचं नाव स्नोमॅन. ही गोष्ट अमेरिकेत घरोघरी पोचली आणि ‘ट्रकमधून सोडवलेला घोडा’ ही कल्पना लोकांच्या मनात घर करून बसली. पण स्नोमॅन विजेता झाला नसता तरी ते ८० डॉलर सार्थकीच लागले असते, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत घोड्याचं मांस सहसा कोणी खात नाही. ते जायचं युरोपात आणि जपानमध्ये. १९९० मध्ये अमेरिकेतल्या कत्तलखान्यांत तीन लाखांहून जास्त घोडे कापले गेले. पुढे ही संख्या घटत गेली आणि शेवटी परदेशी मालकीचे तीन कत्तलखाने उरले: दोन टेक्ससमध्ये, एक इलिनॉयमध्ये. दरम्यान फर्डिनंडची बातमी आली. १९८६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामांकित शर्यत जिंकलेला हा घोडा प्रजननासाठी जपानला विकला गेला होता आणि २००२ मध्ये तिथे त्याची कत्तल झाली. डर्बी जिंकलेल्याचे हे हाल, तर बाकीच्यांना कोण विचारतो? शर्यतीच्या धंद्यातली माणसंही हादरली.

त्यानंतर पावलं भराभर पडली. कत्तलखान्यांतल्या सक्तीच्या मांसतपासणीचा सरकारी पैसा संसदेने रोखला. टेक्ससचा घोड्याच्या मांसाविरुद्धचा १९४९ चा जुना कायदा न्यायालयात टिकला, इलिनॉयने नवा केला आणि २००७ मध्ये तिन्ही कत्तलखान्यांना टाळं लागलं.

घोडे मात्र वाचले नाहीत. ट्रक मेक्सिको आणि कॅनडाकडे वळले. सरकारी नियमानुसार कत्तलीच्या घोड्यांना चारापाण्याविना २८ तासांपर्यंत ट्रकमध्ये ठेवता येतं. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०११ च्या अहवालात नोंदवलं, की २०१० मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार घोडे कत्तलीसाठी सीमेपार गेले, म्हणजे कत्तलखाने बंद होण्याआधी देशात कापले जात होते जवळपास तितकेच. त्यात २००८ ची मंदी आली. घोडा पोसणं परवडेना, तेव्हा कोणी उपाशी ठेवले, कोणी मोकळे सोडून दिले. कायद्याने कत्तलखाना बंद केला, लिलावाला हात लावला नाही. सामान्य माणसाला मधे पडता येईल अशी जागा उरली ती या बाजाराचीच. बचाव-संस्था तिथे गर्दी करू लागल्या, त्यामागचं कारण हे.

रिंगणाच्या मागच्या खोपट्यांत या संस्थांचे लोक घोड्याचा वरचा ओठ उलटून बघतात. शर्यतीच्या जुन्या जातिवंत घोड्यांच्या ओठाच्या आत गोंदण असतं, त्यातलं अक्षर जन्मसाल सांगतं; २०१७ पासून जन्मलेल्यांना मायक्रोचिप असते. त्यावरून नाव, जुने मालक, जिंकलेल्या शर्यती, सगळं निघतं. कधी जुना मालक फोनवरच पैसे द्यायला तयार होतो.

हाडं वर आलेला घोडा घरी आणला, की पहिला मोह होतो तो चंदीची बादली पुढे ठेवण्याचा. तीच त्याच्या जिवावर उठू शकते. पिष्टमय दाण्याने इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम एकदम खाली जातं आणि उपासमारीतून वाचलेला घोडा तीन ते पाच दिवसांत कोसळू शकतो. म्हणून सुरुवातीला दर चार तासांनी जेमतेम अर्धा किलो लसूणघास, रात्रीसुद्धा, आणि वाढ दिवसागणिक थोडी थोडी. शिवाय बाजारातून येणाऱ्या संसर्गामुळे महिनाभर वेगळा तबेला. खरं सोडवणं ते हे, बोली त्यामानाने सोपी.

जानेवारी २०१५ पासून युरोपीय संघाने मेक्सिकोतून येणारं घोड्याचं मांस बंद केलं. अमेरिकी घोड्यांना सर्रास दिलं जाणारं फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक मांसासाठीच्या प्राण्यांना चालत नाही, आणि या घोड्यांच्या औषधांची धड नोंद नसते. निर्यात त्यानंतर बरीच उतरली. पण काही व्यापाऱ्यांनी नवी वाट काढली: घोड्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा, ‘शुक्रवारी ट्रक निघणार’ म्हणायचं आणि मांसाच्या भावाहून चढी ‘सुटका-रक्कम’ मागायची. हळवी माणसं पैसे भरतात आणि त्या पैशांतून पुढच्या लिलावात आणखी घोडे उचलले जातात. अशा व्यापाऱ्याला पैसे देऊ नयेत, या मताचा मी आहे. रिंगणातच त्याच्यावर बोली चढवणाऱ्या किंवा मालक थकण्याआधीच त्याच्या दारातून घोडा नेणाऱ्या संस्थांना ते द्यावेत. कत्तलीसाठीची निर्यात थांबवणारं विधेयक अमेरिकी संसदेत पुन्हा पुन्हा मांडलं गेलंय, मंजूर मात्र झालेलं नाही.