बीड तुटतं, एसजी वाकतं, फरक फक्त कार्बनच्या आकाराचा

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या बाजूला गेलात की कुठल्या ना कुठल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, मेल्टिंग चालूच असतं, पण त्या लोखंडाच्या आत काय घडतं हे फार कुणी सांगत नाही आणि खरी भारी गोष्ट तीच आहे.

शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. त्यात साडेतीन-चार टक्के कार्बन असला की तेच 1200 च्या आसपास पातळ होऊन साच्यात छान पसरतं, ते आपलं बीड, म्हणजे कास्ट आयर्न. पण घट्ट झालेल्या लोखंडात कार्बन जास्तीत जास्त दोनेक टक्केच मावतो आणि गार होत गेलं की जवळजवळ मावतच नाही, मग उरलेला जाणार कुठं? तो ग्राफाइट होऊन बाहेर पडतो, पेन्सिलीत असतं तेच. सिलिकॉन कमी पडलं किंवा माल फार झटकन गार झाला तर मात्र कार्बन लोखंडालाच चिकटून सिमेंटाइट बनतं, इतकं कडक की मशीनिंगवाला वैतागतो. म्हणून पाचरीसारखा छोटा तुकडा ओतून, गार करून हातोड्यानं तोडतात आणि टोकाकडं पांढरं (सिमेंटाइटचं) किती, मागं करडं (ग्राफाइटचं) किती ते बघतात, भट्टीतला माल कसा आहे ते तिथंच कळतं.

साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरतं. पापुद्र्याच्या टोकाला ताण साठतो, तिथनं तडा धावतो, म्हणून बीड वाकत नाही, थेट तुटतं. पण हेच पापुद्रे थरथर जिरवतात, त्यामुळं लेथ मशीनचा बेड, म्हणजे खालचा पाया, बिडाचाच चांगला.

1943 साली अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं आणि ग्राफाइटच्या गोल गोळ्या झाल्या! गोळीला टोकच नाही, त्यामुळं हे एसजी (स्फेरॉइडल ग्राफाइट, म्हणजे गोल ग्राफाइटचं) आयर्न वाकतं, लगेच तुटत नाही. लागतं किती, तर शेवटी मालात 0.04 टक्क्यांच्या आसपास. अडचण अशी की मॅग्नेशियम 1090 अंशांनाच उकळतं आणि लेडलमधलं (वितळलेला माल न्यायच्या भांड्यातलं) लोखंड 1400 च्या वर, त्यामुळं डोळे दिपवणारा पांढरा भडका उडतो. म्हणून ते फेरोसिलिकॉनमध्ये (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूत) मिसळलेलं घेऊन लेडलच्या तळाशी ठेवतात, वर स्टीलचा स्क्रॅप झाकतात. तरीही ते उडून जात राहतं, पोअरिंग, म्हणजे साच्यात ओतणं, रेंगाळलं तर शेवटच्या साच्यांत गोळ्या बिघडतात आणि बाहेरून कास्टिंग अगदी तसंच दिसतं, त्यामुळं लेडलमधल्या शेवटच्या मालाचा तुकडा घासून-पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघावाच लागतो.