पहिल्या एअर रायफलसाठी स्कोप आणि माउंट : परवडेल ते कसं निवडावं

एअर रायफल घेऊन गेलेले बरेच ग्राहक थोड्याच दिवसांत स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बघायला परत येतात. हातातल्या मोबाइलवर एखादा अमेरिकन व्हिडिओ चालू असतो, त्यात एआर-१५ जातीच्या अर्धस्वयंचलित रायफलवर उंच माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, बसवलेला स्कोप असतो, आणि मागणी असते, "अगदी असाच द्या, फक्त स्वस्तातला." काउंटरवर गर्दी असली की सगळं समजावून सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापून ठेवलं आहे. घरी नेऊन निवांत वाचा, मग या.

तसली रायफल आपल्याकडे साध्या ग्राहकाच्या वाट्याला येत नाही. आमच्याकडे जी मिळते ती ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरची एअर रायफल. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे एवढ्या बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल विनापरवाना ठेवता येते. यापेक्षा मोठं काही मनात असेल तर आधी कलेक्टर ऑफिसची शस्त्र शाखा, मग आमचं दुकान.

त्या व्हिडिओतला सल्ला चुकीचा नसतो, तो दुसऱ्या बंदुकीसाठी असतो. एआरचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत मागे जातो. गाल टेकला की डोळा नळीच्या बराच वर येतो, त्यामुळे तिथे रेलपासून, म्हणजे रायफलच्या पाठीवरच्या माउंट बसवायच्या पट्टीपासून, स्कोपच्या मध्यापर्यंत साधारण दीड इंच उंचीचा, पुढे झुकलेला माउंट लागतो. आपल्या एअर रायफलचा दस्ता नळीखाली उतरत जातो. तिच्यावर तोच माउंट लावला की गाल दस्त्यावरून सुटतो, मान ताणून बघावं लागतं आणि प्रत्येक नेमाला डोळा वेगळ्या जागी येतो. आपल्याला स्कोप जितका खाली बसेल तितका हवा. फक्त पुढची काच नळीला टेकू नये आणि नळी मोडून छर्रा भरताना काही आड येऊ नये.

आता मुख्य गोष्ट. स्प्रिंगची रायफल दिसायला गरीब असते, पण स्कोपचा जीव तीच घेते. घोडा दाबला की आतला पिस्टन जोरात पुढे धावतो आणि रायफल मागे ढकलली जाते. पिस्टन सिलिंडरच्या टोकाला दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, त्या क्षणी तीच रायफल पुढे झटका खाते. हा दुसरा, उलटा झटका घातक. मोठ्या रायफलीचे स्कोप मागे बसणारा धक्का झेलायला बनवलेले असतात. पुढच्या झटक्याला त्यांच्यातल्या काचा आणि फुलीची तार टिकेलच असं नाही. हजारो गोळ्या झेललेला महागडा स्कोप स्प्रिंग रायफलवर थोड्याच दिवसांत खुळखुळ्यासारखा वाजायला लागू शकतो. गॅस रॅमच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या गॅसने पिस्टन ढकलणाऱ्या रायफलीलाही हा उलटा झटका असतो. पीसीपीला, म्हणजे टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारीला, तो जवळपास नसतो. म्हणून पहिला प्रश्न रायफल कोणती हा, आणि स्प्रिंग किंवा गॅस रॅम असेल तर डब्यावर "एअरगनसाठी" किंवा "स्प्रिंगर रेटेड" असं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्यायचा. असं लिहिलेलं नसलेला स्कोप कितीही स्वस्त पडला तरी स्प्रिंग रायफलसाठी आम्ही तो देत नाही. पुढे भांडण नको.

याच झटक्यामुळे माउंटसुद्धा रेलवरून हळूहळू मागे, आपल्या डोळ्याकडे सरकतो. रायफल पुढे उसळते, स्कोप जागेवर राहू बघतो. रोज नेम थोडा थोडा बिघडतोय, नेम जुळवायच्या नॉबची क्लिक फिरवून थकलो, अशी तक्रार आली की आम्ही आधी रेलवरचे ओरखडे बघतो. स्कोप बहुतेक वेळा बरा असतो, माउंट सरकलेला असतो. म्हणून स्कोपवर पैसे ओतून उरलेल्या चिल्लरीत माउंट घेऊ नका. एकूण बजेटचा निदान चौथा हिस्सा माउंटसाठी बाजूला काढा.

स्प्रिंग रायफलला दोन सुट्या रिंगांपेक्षा एकाच पायावरचा, अखंड माउंट बरा. पकड लांब असते, स्क्रू जास्त असतात. त्याच्या खालून एक छोटी पिन बाहेर येते, तिला स्टॉप पिन म्हणतात. रायफलच्या रेलवर मागच्या बाजूला भोक असेल तर ती पिन त्यात उतरवायची, मग माउंट मागे जाऊच शकत नाही. भोक नसेल तर माउंटच्या मागे एक वेगळा अडसर, स्टॉप ब्लॉक, घट्ट करता येतो. विकत घेण्याआधी रायफलच्या पाठीवर बोट फिरवून बघा, भोक आहे की नाही ते.

रेल कोणती हे सांगण्यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. बहुतेक एअर रायफलींवर दोन लांब खाचा असतात, तिला डव्हटेल म्हणतात. नावाला ११ मिलिमीटरची, पण प्रत्यक्षात बनावटीप्रमाणे रुंदी साडेनऊपासून तेरापर्यंतही निघते आणि खाचेचा कोनही बदलतो. दुसरी पिकॅटिनी, जिच्यावर आडव्या खाचा ओळीने असतात. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीचा मध्य सुमारे १० मिलिमीटर. तिसरी वीव्हर, दिसायला तशीच पण खाच अरुंद. वीव्हरचा माउंट पिकॅटिनीवर सहसा बसतो. पिकॅटिनीचा माउंट वीव्हरवर बसेलच असं नाही. डव्हटेलवर पिकॅटिनीचा माउंट ठोकून बसवायचा प्रयत्न करू नका. मध्ये अडॅप्टर लावता येतो, पण त्याने उंची वाढते आणि सुटण्याची जागा एकाने वाढते. रिंगचा व्यास स्कोपच्या नळकांड्यावर ठरतो, १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, किंवा ३०. स्वस्त एअरगन स्कोप बहुतेक १ इंची असतात.

आता स्कोपवरचे आकडे. ४×३२ म्हणजे चार पट मोठं दिसतं आणि पुढची काच ३२ मिलिमीटरची. ३-९×४० म्हणजे तीन ते नऊ पट, काच ४०. नवा ग्राहक नऊच्या आकड्यावर भाळतो. काचेचा व्यास पटीने भागा. ४×३२ मधून डोळ्याकडे ८ मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत येतो, डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही. ४० ला नवाने भागलं की साडेचार मिलिमीटरच्या आत. चित्र बारीक, हात थरथरतो ते नऊ पट दिसतं, आणि संध्याकाळी अंधारून येतं. दहा ते पंचवीस मीटरवर कागदावर नेम धरायला चार पट पुरते. स्वस्त गटात साधा, एकाच पटीचा स्कोप मजबूतही जास्त, कारण आत हलणारे भाग कमी.

पटीपेक्षा महत्त्वाची गोष्ट पॅरॅलॅक्स. डोळा स्कोपमागे डावीउजवीकडे हलवला आणि फुली लक्ष्यावरून सरकताना दिसली, तर तो पॅरॅलॅक्स. मोठ्या रायफलीचे साधे स्कोप कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर बसवलेले असतात. तसला ४० मिलिमीटर काचेचा स्कोप १० मीटरवर वापरला की लक्ष्य धूसर दिसतं आणि डोळा कडेला गेला तर नुसत्या डोळ्याच्या जागेमुळे छर्रा सेंटीमीटरभरापेक्षा जास्त हुकू शकतो. शिकणारा मुलगा मग स्वतःला दोष देत बसतो. म्हणून पुढच्या काचेवर फिरणारं कडं असलेला, ज्याला एओ म्हणतात, असा स्कोप बघा, आणि कडं १० यार्डांपर्यंत खाली येतं का तेही बघा. बजेट तेवढं नसेल तर कमी पटीचा, एअरगनसाठी जवळच्या अंतरावर बसवलेला साधा स्कोप घ्या. नुसत्या ९ पटीच्या, एओ नसलेल्या स्कोपला मात्र हात लावू नका. लाल-हिरवे दिवे, डब्याएवढे नॉब, शेकडो रेघांची फुली, यातलं काही पहिल्या स्कोपला लागत नाही. आम्ही ते विकतो, हे खरं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मुलगा किंवा मुलगी १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेची तयारी करत असेल तर स्कोप घेऊच नका. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, भोकातून बघायची पीप साइट लागते. ५० मीटर थ्री पोझिशनलाही, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारालाही, तेच. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं त्या प्रकारात कांस्य मिळवलं ते दुर्बिणीशिवाय, आणि मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही त्याच प्रकारात खेळतो. प्रशिक्षकांना विचारून या, उगाच पैसे जाऊ नयेत.

बसवताना रायफल रिकामी आहे हे आधी बघा, नंतर पुन्हा बघा. रेल आणि माउंटची पकड स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढा. नव्या रायफलीच्या रेलवर कारखान्याचं तेल असतंच, तेवढ्यानेही माउंट सरकतो. स्कोप रिंगांत सैल ठेवा, नेहमीसारखा गाल टेका, डोळे मिटून उघडा. काळी कडा न दिसता पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करा. डोळ्यापासून अंतर बहुधा तीन ते साडेतीन इंच येतं. मग फुली सरळ करून स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की फुली फिरते. स्कोपच्या रिंगा दोन न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात, म्हणजे एलन की दोन बोटांत धरून नीट घट्ट. पैलवानी जोर लावला की नळकांडं चेपतं, आणि ते पुन्हा सरळ होत नाही.

झिरो करताना, म्हणजे फुली आणि छर्रा एकाच जागी जुळवताना, १० मीटरवरून सुरुवात करा. एका छर्र्यावरून काही ठरवू नका, पाच मारा आणि त्यांच्या घोळक्याचा मध्य धरा. स्प्रिंग रायफल पुढच्या हातात आवळू नका, तळव्यावर नुसती ठेवा. घट्ट धरली की प्रत्येक वेळी वेगळी उसळते. बहुतेक स्कोपांची क्लिक पाव मोआची असते (मोआ म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग). १०० मीटरवर तिने छर्रा सुमारे ७ मिलिमीटर सरकतो, २५ वर दोनापेक्षा थोडा कमी, १० वर जेमतेम पाऊण. म्हणजे १० मीटरवर २ सेंटीमीटर खाली लागत असेल तर सत्तावीस-अठ्ठावीस क्लिक वर. दोन-चार क्लिक फिरवून "काही होतच नाही" म्हणणारे बरेच येतात.

मग २५ मीटरवर जा आणि तिथे पक्कं करा. तिथे मध्यावर लागणारा छर्रा १० मीटरवर साधारण सेंटीमीटरभर खाली लागेल. स्कोप नळीच्या चार-साडेचार सेंटीमीटर वर आहे, छर्रा खालून वर येतो, त्यामुळे जवळ खाली लागणं बरोबरच आहे. त्यासाठी नॉबला हात लावू नका.

नळी मोडून भरायच्या काही रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. तिच्यावर वरचा नॉब शेवटपर्यंत फिरवूनही छर्रा खालीच पडतो. नॉब शेवटाला नेऊन वापरू नका, आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो टिकत नाही. मागच्या रिंगखाली फिल्मची बारीक पट्टी घाला, किंवा मागून उंच असा ड्रूप माउंट मिळतो तो लावा.

पावसाळ्यात स्कोप कपाटात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. काचेवर आधी फुंकर, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी कापड. आणि खंडेनवमीला रायफल पूजेत जरूर मांडा, पण हळद-कुंकू दस्त्यावर लावा. दर वर्षी नवरात्रानंतर कुणाच्या ना कुणाच्या नॉबमध्ये कुंकू निघतं.

सरावासाठी मागे पक्की भिंत किंवा मातीचा ढीग असलेली बंदिस्त जागा हवी. रामबागेसारख्या वस्तीतल्या गच्चीवरून शेजारच्या टाकीवर नेम धरणं म्हणजे गुन्ह्याला आमंत्रण. पोपट, कबुतरं, खारी यांच्यावर छर्रा चालवायचा विचार असेल तर आमच्याकडून काहीच घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे.

स्कोप बसवून घ्यायला येताना रायफल रिकामी, कव्हरमध्ये, आणि सोबत तिचं बिल आणा. रायफल आणता येत नसेल तर रेलचा वरून आणि बाजूने असे दोन फोटो, शेजारी पट्टी ठेवून. आमच्याकडून घेतलेला माउंट बसवायचे वेगळे पैसे लागत नाहीत. बाहेरून आणलेला बसवून देऊ, पण तो सरकला तर तक्रार ज्याने विकला त्याच्याकडे.