स्वयंपाकघराची आखणी व उभारणी : बेळगाव सीमाभाग

नवे घर बांधताना स्वयंपाकाच्या खोलीची जागा, दिशा, ओटा, पाणी, सांडपाणी, वीज, गॅस, धुराची वाट आणि साठवण ठरवून ती प्रत्यक्ष उभी करण्याचे काम. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, कागवाड व अथणी या तालुक्यांतील मराठी घरे समोर ठेवून ही नोंद केली आहे. या भागात घर बांधणाऱ्याचे लक्ष आधी दर्शनी बाजू, हॉल आणि जिन्याकडे जाते. स्वयंपाकघराचा विचार बहुधा प्लास्टर झाल्यावर सुरू होतो. तोवर नळाची लाइन, मोरीचा उतार, वायरींच्या नळ्या आणि खिडकीची उंची भिंतीत कायमची बसलेली असते. नंतर भिंत फोडून केलेली दुरुस्ती महाग पडते आणि ओल धरते. म्हणून पायाच्या आखणीची पांढरी फक्की पडते त्याच दिवशी ओटा कुठे, सिंक कुठे आणि शेगडी कुठे हे कागदावर असले पाहिजे.

जुने घर : सीमाभागातील जुन्या घरात पुढे सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी परडे असा क्रम असे. चूल भिंतीलगत, तिच्या शेजारी वैल (जोडचूल), वर फडताळ, कोपऱ्यात पाण्याची घागर-कळशी. छपरावर खानापुरी कौले असत. खानापूरच्या मातीमुळे तिथे कौले आणि विटांचा धंदा वाढला. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे कुंभारकामाचे प्रशिक्षण केंद्रही खानापुरातच आहे. कौलांच्या फटींतून धूर आपोआप वर निघून जाई आणि मधल्या काचेच्या कौलातून उजेड येई. स्लॅबच्या घरांनी हे दोन्ही मार्ग बंद केले. आज चिमणी, एक्झॉस्ट पंखा आणि खिडकी यांच्यावर जो खर्च करावा लागतो, त्याचे मूळ या बदलात आहे. ज्यांनी स्लॅब घातला पण धुराची नवी वाट केली नाही, त्या घरांत फोडणीचा ठसका थेट देवघरापर्यंत जातो.

जागा व दिशा : वास्तुशास्त्र स्वयंपाकघरासाठी आग्नेय कोपरा सांगते आणि इथली बहुतेक घरे तो पाळतात. श्रद्धा बाजूला ठेवली तरी या भागात त्याला एक उपयोगी कारण आहे. जून ते सप्टेंबर वारा आणि पाऊस पश्चिमेकडून, सह्याद्रीवरून येतो. स्वयंपाकघर पूर्वेच्या अंगाला असले की धूर व वास घरात परत ढकलला जात नाही, खिडकीवर पावसाचा मारा बसत नाही आणि सकाळचे ऊन ओट्यावर येते. भूखंडाच्या तोंडामुळे आग्नेय साधत नसेल तर पूर्वेची कोणतीही बाजू चालते. पश्चिमेला ओटा घ्यावाच लागला तर खिडकीवर रुंद छज्जा हवा.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार (२०१६) जेवणाची जागा वेगळी असल्यास स्वयंपाकघर किमान ५ चौ. मी. व १.८ मी. रुंद असावे, तिथेच जेवायचे असल्यास ७.५ चौ. मी. व २.१ मी. रुंद. खिडकी निदान १ चौ. मी. आणि बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडणारी हवी. ही मापे किमान आहेत. सुगीच्या दिवसांत किंवा सणाला जिथे दोघी-तिघी एकदम उभ्या राहतात, तिथे ओट्यासमोर निदान ४ फूट मोकळी जागा ठेवावी. सिंक, शेगडी आणि फ्रीज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांत बसावी, हा गृहविज्ञानातला जुना नियम इथेही लागू पडतो.

माती आणि हवामान : एकाच जिल्ह्यात दोन टोकांचे हवामान आहे. मलप्रभेचा उगम असलेले कणकुंबी, तसेच जांबोटी हा मुसळधार पावसाचा मुलूख. अथणीकडे पाऊस जेमतेम आणि बोअरचे पाणी जड. पश्चिमेला जांभा दगडाच्या भिंती असतात. जांभा सच्छिद्र असल्याने ओल आत ओढतो. शिवाय त्यात ठोकलेले प्लग लवकर ढिले होतात. जांभ्याच्या भिंतीवर भांड्यांनी भरलेले कपाट नुसत्या स्क्रूवर टांगणे धोक्याचे आहे. लिंटेलच्या (दारा-खिडकीवरच्या तुळईच्या) पातळीला काँक्रीटचा पट्टा फिरवून त्यावर भार द्यावा, नाहीतर कपाट ओट्यावरच टेकवावे. पूर्वेकडे काळी माती फुगते आणि आकसते. तिथे जोत्यात मुरूम थराथराने, पाणी मारून दाबला नाही तर जमीन खचते. ओट्याचे पाय खाली जातात आणि ग्रॅनाईट नेमके सिंकच्या कापाजवळ तडकते, कारण तिथेच पट्टी सर्वांत अरुंद असते.

ओटा : या सगळ्या कामाचा गाभा ओटा आहे आणि त्याची उंची ठरवताना सर्वांत जास्त हयगय होते. गवंडी सवयीने ३२ ते ३४ इंच धरतो. ती उंची चिरायला, ढवळायला बरी. भाकरी थापायला नव्हे. थापताना हाताचा दाब वरून पडावा लागतो. ओटा उंच झाला तर तो जोर खांद्यातून काढावा लागतो आणि ज्वारीच्या भाकरीच्या पट्ट्यात, जिथे रोजच परातीत ढीगभर पीठ मळले जाते, तिथे वर्षभरात खांदे धरतात. उलट सिंकचा तळ ओट्यापेक्षा ८-९ इंच खाली असतो, त्यामुळे तिथे ओटा बुटका असला तर कंबर वाकते. यावर उत्तर सोपे आहे : विटा रचून वर फळी टाकावी, घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिथे परात ठेवून पीठ मळायला व थापायला सांगावे आणि तिचे कोपर पाहून उंची कायम करावी. ओट्याचा थापण्याचा तुकडा ३० इंच आणि सिंककडचा ३४ इंच असा दोन पातळ्यांत करता येतो. गवंड्याला थोडे काम वाढते. ते वाढू द्यावे. घराचा मालक पुरुष असतो म्हणून उंचीही त्यानेच सांगायची, ही रीत मोडायला हवी.

ओट्याची खोली साधारण २४ इंच. खाली कडप्प्याचे उभे पाय व आडवे कप्पे, वर १८ ते २० मि. मी. जाडीचे ग्रॅनाईट, ही इथली रूढ पद्धत. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील इळकलचे तांबूस ग्रॅनाईट प्रसिद्ध आहे, तरी ओट्यासाठी काळ्याला पसंती मिळते, कारण हळद व तेलाचे डाग त्यावर दिसत नाहीत. कडप्पा स्वस्त असला तरी चिंच, आमसूल, लिंबाने त्याची झिलई जाते. वरच्या पृष्ठासाठी तो घेऊ नये. संगमरवर तर नकोच. फरशी ओट्याच्या खालीही पूर्ण घालून घ्यावी. ती तशीच सोडली तर गळती दिसत नाही आणि झुरळांना घर मिळते.

तयार मॉड्युलर किचन की बांधलेल्या ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. खानापूर-बेळगावच्या दमट चार महिन्यांत दुसरा पर्याय भक्कम ठरतो. बेळगाव ओतकाम आणि यंत्रभागांच्या उद्योगाचे शहर असल्याने फॅब्रिकेशन करणारे कारागीर जवळ मिळतात. प्लायवूड वापरायचेच असेल तर आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का पाहून घ्यावे. सिंकखाली मात्र लाकूड कोणत्याही प्रतीचे नको. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) पावसाळी हवेत फुगते.

पाणी व सांडपाणी : बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल येथून पाणी येते. नळ अनेक ठिकाणी ठरावीक दिवशीच सुटतो, त्यामुळे संप (जमिनीखालची टाकी) आणि वरची टाकी गृहीत धरूनच आखणी होते. सिंकवर दोन तोट्या असाव्यात : एक टाकीच्या पाण्याची, दुसरी थेट नळाच्या पिण्याच्या पाण्याची. छतावर सोलर असेल तर गरम पाण्याची सीपीव्हीसी (उष्णता सोसणारी प्लास्टिकची) लाइन सिंकपर्यंत आणून ठेवावी. भिंतीतल्या नळ्या प्लास्टरआधी दाबाने भरून रात्रभर तशाच ठेवाव्यात; सकाळी दाब उतरला असेल तर गळती त्याच वेळी सापडते. मोठी भांडी, कळशा आणि पिंप घासायला सिंक पुरत नाही. मागच्या दाराशी उतार दिलेली मोरी हवीच.

वीज : हेस्कॉम या वीज कंपनीकडे भार मागतानाच मिक्सर, फ्रीज, ओव्हन, पाणी शुद्ध करणारे यंत्र, चिमणी आणि इंडक्शन मोजावे. इडली-डोशाचे पीठ इथल्या मराठी घरांतही नेहमी वाटले जाते. त्यासाठीचा ग्राइंडर जड असतो, तो उचलून ठेवणे रोज जमत नाही. त्याची कायमची जागा आणि शेजारी सॉकेट आधीच ठरवावे. मोठ्या यंत्रांना १६ अँपिअरचे वेगळे सॉकेट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा झटका बसताच वीज तोडणारा स्विच) यांत काटकसर करू नये. शेगडी आणि तोटीच्या वर सॉकेट नको.

गॅस : घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडी असूनही तो बाहेर जात नाही. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी जाळी हवी. टाकी उभी, शेगडी तिच्यापेक्षा उंचावर आणि रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. टाकी बाहेर ठेवून तांब्याची नळी आत आणणे उत्तम. तिच्यासाठी भिंतीत भोक प्लास्टरआधीच ठेवावे. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर बसते. तिचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत उघडू नये.

मागची चूल : आराखड्यात सर्रास गळणारी वस्तू म्हणजे परड्यातली चूल. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस खेड्यात पोचला, तरी आंघोळीचे पाणी, लग्नकार्याचा मोठा स्वयंपाक, वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या भाजणे ही कामे चुलीवरच होतात. संकेश्वरी मिरचीचा खकाणा बंद खोलीत सोसत नाही. बेळगावचे मांडे करायलाही ऐसपैस जागा आणि मोठा जाळ लागतो. मागच्या पडवीत पत्र्याखाली चूल, शेजारी सरपणाची कोरडी जागा आणि मोरी, एवढे नकाशातच दाखवून घेतले तर पुढे पावसात ताडपत्री बांधायची वेळ येत नाही. चूल घराच्या पूर्वेला ठेवली की पावसाळ्यात धूर घरापासून दूर जातो. खानापूरकडे पोत्याने तांदूळ, पूर्वेकडे ज्वारी भरून ठेवली जाते; त्या कोठीची खोली स्वयंपाकघराला लागून पण मोरीच्या भिंतीपासून लांब असावी.

परवानगी व करार : शहरात महानगरपालिका व बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण), खेड्यात ग्रामपंचायत यांच्याकडे नकाशा जातो. कागदपत्रे कन्नडमध्ये असल्याने सही करण्यापूर्वी खिडक्या, मोरी आणि सांडपाण्याची दिशा जाणत्याकडून वाचून घ्यावी. ओट्याचा दर धावत्या फुटाने, ग्रॅनाईटचा चौरस फुटाने सांगितला जातो. कडेची गोलाई, सिंकचा काप, मागची टाइल आणि कडप्प्याचे कप्पे त्यात धरले आहेत का, हे करारातच लिहून घ्यावे.

कामाचा क्रम : दिवाळीनंतर पाया आणि मृगाआधी स्लॅब, अशी इथली सर्वसाधारण घाई असते. मग प्लास्टर पावसात होते आणि भिंती कित्येक महिने ओल्या राहतात. वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला म्हणून ओल्या भिंतीला कपाटे लावली की पाठीमागे बुरशी धरते. दूध उतू घालण्यापुरती शेगडी तयार ओट्यावर ठेवता येते. सुतारकाम मात्र एक पूर्ण उन्हाळा भिंत वाळल्यावर घ्यावे, आणि लाकूड लावण्याआधी वाळवीची फवारणी जमिनीत व चौकटींजवळ झालेली असावी.