काळोखात दिवा कुठे धरायचा?

दाट धुक्यात अपर लाइट लावला की रस्ता दिसायच्या ऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते, हे गाडी चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. खोल समुद्रात कॅमेरा उतरवणाऱ्यांना ही भिंत रोजच भेटते. वरच्या थरांतून मेलेल्या प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे), विष्ठेचे, चिकट द्रव्याचे कण अखंड खाली झरत असतात. त्याला सागरी हिम म्हणतात. दिवा कॅमेऱ्याला खेटून असला तर भिंगापुढचा कण न् कण चमकतो आणि पडद्यावर नुसतं हिमवादळ दिसतं. म्हणून पाण्याखालच्या वाहनांचे दिवे बाजूला काढलेल्या दांड्यांवर बसवतात. झोत तिरपा जाऊन नेमका वस्तूवर पडतो, भिंगालगतचं पाणी मात्र अंधारातच राहतं. माझ्या मते या साऱ्या तंत्राचं मर्म दिवा किती प्रखर आहे यात कमी आणि तो कुठे आहे यात जास्त आहे.

१००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचतच नाही, त्यामुळे लागेल तेवढा उजेड सोबतच न्यावा लागतो. तोही पाणी गिळतं, आणि सर्वांत आधी लाल रंग. दहाएक मीटर पाण्यातून जाताना तो जवळपास संपतो. वस्तू ५ मीटरवर असली तरी प्रकाशाचा जाऊन-येऊन प्रवास १० मीटरांचा होतो. लाल प्रवाळ मग करडं दिसतं. खरा रंग हवा असेल तर वाहन जवळ न्यायचं, दुसरा इलाज नाही. आकाराचा अंदाजही पाण्यात चुकतो, म्हणून ठरावीक अंतरावरचे दोन समांतर लेसर किरण सोडतात. त्यांचे दोन ठिपके खेकड्याच्या पाठीवर पडले की तीच मोजपट्टी.

आता दाब. ६००० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर ६०० किलोंहून जास्त भार येतो. कॅमेऱ्यापुढे १० सेंटिमीटर व्यासाची खिडकी असेल, तर तेवढ्याशा चकतीवर ४५ टनांहून अधिक वजन! मोठ्या खिडक्यांसाठी यावर एक सुंदर युक्ती आहे. जाड ॲक्रिलिकची खिडकी शंकूसारखी कापतात, रुंद तोंड बाहेर ठेवतात. दाब वाढेल तशी ती बुचासारखी आपल्या खाचेत आणखी घट्ट बसते. दिव्यांची गोष्ट वेगळी. त्यांना समुद्राचं थंडगार पाणीच थंड ठेवतं. त्यामुळे जहाजावर असे दिवे तपासताना ते क्षणभर लावून लगेच बंद करायचे असतात, नाहीतर तापून बिघडतात.

पण उजेड सोडला की तिथले प्राणी पळतात. बहुतेकांचे डोळे निळ्या प्रकाशासाठी घडलेले असतात, लाल त्यांना दिसत नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी नेमका हाच धागा पकडला. कॅमेऱ्याला गडद लाल दिवे, आणि आमिष म्हणून जेलीफिशच्या निळ्या चमकेची नक्कल करणारे छोटे दिवे. २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ या कॅमेऱ्यासमोर महाकाय स्क्विड आला. त्याच्या स्वतःच्या अधिवासात त्याचं चलचित्रण त्याआधी कधीच झालं नव्हतं. लाल प्रकाश फार दूर जात नाही, म्हणून कॅमेरा अतिसंवेदनशील लागतो आणि चित्र कृष्णधवल मिळतं. त्या चित्रात काळोखातून उलगडत येणारे ते लांबलचक बाहू पाहिले की रंगाची उणीव जाणवतही नाही.

एका माशापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. मॅलॅकोस्टियस नावाच्या या माशाच्या डोळ्यांखाली स्वतःचेच लाल दिवे असतात आणि त्याला तो लाल उजेड दिसतो.